कोरड्या हाताचा सांधा

मी एक जुना सांधा आहे. हसू नका मित्रांनो! तुम्हाला विजेचा दिवा आवडतो, घरघरणारं इंजिन आवडतं, हे मला ठाऊक आहे. दोन तारा जिथे एकमेकींना धरतात, तिथल्या वीतभर काळ्या पट्टीकडे कोण बघणार? पण जऊळका स्टेशनाजवळच्या आमच्या जिनात एके दुपारी सगळे माझ्याकडेच बघत होते. म्हणून आज मी जरा मान ताठ करून बोलणार आहे.

साल एकोणीसशे अडतीस. कापसातून सरकी काढायच्या त्या कारखान्यात तेलाच्या इंजिनावर वीज तयार होई आणि तिच्यावर आवारातल्या विहिरीचा पंप चाले. पंपाची तार तुटली, तेव्हा इंजिनाचे मिस्त्री मदनसिंग यांनी सोमला नावाच्या हमालाला सांधा करायला बसवलं. सोमला मानोऱ्याकडच्या तांड्यातला. कापसाचा हंगाम संपला की तो आणि त्याची बायको रुपाबाई बिऱ्हाड पाठीवर टाकून दूर कामाला जात. तारेचं काम जमलं तर बारमाही नोकरी देऊ, असं मिस्त्रींनी कबूल केलं होतं. एका जागी घर मिळायची ती पहिलीच आशा होती.

अंबाडीचे दोर वळून वळून सोमलाची बोटं तयार झाली होती. तारेचे सात पदर त्याने उलगडले, एकमेकांत घातले आणि असे काही वळले की मिस्त्रीही बघत राहिले. त्यांचं एका गोष्टीकडे मात्र लक्ष गेलं नाही. वळण्याआधी सोमला सवयीने तळहातावर थुंकला होता! महिन्याभरात सांधा तापू लागला. उघडून पाहतात तो आतलं तांबं हिरवं पडलेलं. तो माझा थोरला भाऊ. दिसायला राजबिंडा होता बिचारा.

सोमला गोंधळून म्हणाला, "आमी दोर असाच वळतो, मिस्त्री. वल्ला केल्याबिगर पीळ बसत नाही."

"दोराले पानी लागते. तू तांब्याले काहून पाजून राह्यला?" मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी बजावलं की आणखी एक सांधा करून बघ, तोही तापला तर कापसाच्या गठाणी उचलायला परत जा.

तो आणखी एक म्हणजे मी. सोमलाने हात धुतले, पुसले आणि चक्क उन्हात धरून वाळवले. तारेची टोकं काचकागदाने घासून लख्ख केली. मधला पदर आखूड कापला, म्हणजे मी फुगीर होणार नाही. बाकीचे पदर एकाआड एक गुंफून पकडीने घट्ट वळले आणि एकही टोक बोचणार नाही असं दाबून बसवलं. राळ लावून वितळलेलं कथील पाजलं. मग जुन्या वेष्टनावरून सुरुवात करून रबरी पट्टी ताणून गुंडाळली, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवून. वरून काळी चिकटपट्टी. माझ्यावरून बोट फिरवलं तर कुठे अडखळत नव्हतं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू!

माघातल्या एका दुपारी कापसाच्या गंजीने पेट घेतला. सरकी काढायच्या शेडचं एकुलतं दार गंजीकडेच उघडत होतं आणि आत चाळीस बाया होत्या. रुपाबाईही त्यांच्यातच होती. पंप सुरू झाला, नळीतून दारावर पाणी पडू लागलं. तेवढ्यात एका गाडीचे बैल बुजले, चाक माझ्या तारेच्या खांबावर आदळलं, खांब कलला. तार ताणली गेली आणि तो सगळा ओढा माझ्यावर आला. त्यात नळीला मध्येच चीर पडली आणि उडालेल्या पाण्याने मी चिंब झालो. आता इथे आगीचा लोळ उठणार, या भीतीने मिस्त्रींनी वीज बंद करायला हात घातला.

सोमलाने त्यांचं मनगट धरलं. "बंद नोका करू, मिस्त्री. रुपा आत हाये. सांधा माह्या हातचा हाये, अन् कोरडा हाये."

मिस्त्रींनी हात मागे घेतला. आणि मित्रांनो, मी धरून राहिलो! एक पदर सरकला नाही, एक थेंब आत गेला नाही. पाण्याखालून डोक्यावर पदर घेऊन बाया एकेक करून बाहेर आल्या. म्हाताऱ्या हिरीबाईला पुढे ढकलत रुपाबाई सगळ्यांत शेवटी आली. तिला पाहून सोमला लहान मुलासारखा रडला.

आग विझली, वीज बंद झाली. मिस्त्रींनी मला पुसून उलटा हात लावून पाहिला. मी गार होतो. ते वळून म्हणाले, "सोमला मिस्त्री, पक्कड आना. खांब सरळ करू." भरल्या आवारात त्यांनी त्याला मिस्त्री म्हटलं. त्या वर्षी सोमलाचं बिऱ्हाड हललं नाही.

विजेच्या तारेला तुम्ही मुलांनी हात लावू नका, ते जाणत्याचं काम आहे. पण एवढं ध्यानात ठेवा, वरच्या पट्टीआड जे कुणाला दिसत नाही, तेही मन लावून करा.

दुसऱ्या दिवशी, वीज बंदच होती तेव्हा, हिरीबाई कुंकवाचा करंडा आणि पाण्याची वाटी घेऊन माझ्यापाशी आली. ती बोट पाण्यात बुडवणार, तोच रुपाबाईने तिचा हात धरला.

"कोरडंच लाव, मावशी," ती म्हणाली.