करंगळीजवळच्या चिखल्या

सुनेत्राला हुडहुडी भरली ती मंगळवारी सकाळी, डिझाइन रिव्ह्यू ऐन रंगात आलेला असताना. मे महिना होता. बाहेर लख्ख ऊन, खोलीतले बाकीचे बाह्या वर सारून बसलेले, आणि तिचे दात एकमेकांवर वाजत होते. तिने टेबलाखाली हात घालून डावी पोटरी चाचपली. पँटच्या कापडातूनसुद्धा ती गरम लागत होती.

"मला घरी जावं लागेल," ती मॅनेजरला म्हणाली. "दोन तासांत एकोणचाळीस सेल्सिअस ताप असेल मला."

"तुला आत्ताच कसं कळलं?"

"चौथ्यांदा येतोय."

सायकल ऑफिसातच ठेवून ती बसने घरी गेली. दुपारपर्यंत नडगीवर तळहाताएवढा लालभडक चट्टा उठला आणि ताप एकोणचाळीसच्याही पुढे गेला. हृषिकेश, तिचा नवरा, लॅपटॉप बंद करून धावत आला. त्याने पाय बघितला आणि डॉक्टरांना फोन लावला. काय होणार ते दोघांनाही पाठ होतं: दहा दिवस अँटिबायोटिक, पाय उशीवर, मग ताप गेला की पुन्हा ऑफिस.

या पायाची सुरुवात पुण्यात झाली होती. २००९ साली सुनेत्राचं गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्यात ओटीपोटातले लिम्फ नोड्स, म्हणजे लसीकाग्रंथीही काढल्या. कॅन्सर गेला. वर्षभराने डावा पाय सुजायला लागला, तेव्हा तिथले सर्जन म्हणाले, "एवढं चालायचंच. जिवावरचं पायावर निभावलं म्हणायचं." तिलाही ते पटलं. वाचलेल्या माणसाने सुजेची तक्रार काय करायची? २०१२ मध्ये हृषिकेशला जर्मनीत नोकरी मिळाली, सगळे एर्लांगेनला आले, आणि तिलाही वैद्यकीय यंत्रं तपासणाऱ्या एका कंपनीत टेस्ट इंजिनिअरचं काम मिळालं. पाय संध्याकाळी जड व्हायचा. बुटाची नाडी ती दुपारीच सैल करायची. त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे.

मग ताप सुरू झाले. दीड वर्षात चार. पहिला फॅमिली डॉक्टरांनी बघितला. दुसरा रविवारी आला, तेव्हा ड्यूटीवरच्या डॉक्टरला शिरेत गुठळी असेल असं वाटलं. सोनोग्राफीत तसं काही निघालं नाही. तिसऱ्या वेळी आणखी कुणी होतं. औषधाने ताप दर वेळी उतरायचा, पण पाय आधीपेक्षा थोडा जाड होऊन राहायचा. ते मात्र कुणाच्याच कागदावर लिहिलं जात नव्हतं.

चौथ्या तापात पडल्यापडल्या सुनेत्राच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. ऑफिसात एखादं यंत्र त्याच जागी चौथ्यांदा बंद पडलं असतं, तर फ्यूज बदलून कुणी घरी गेलं नसतं. सगळे काम थांबवून कारण शोधत बसले असते. मग आपल्याच पायाच्या बाबतीत आपण इतक्या समजूतदार का आहोत?

गोळ्या संपल्यावर ती फॅमिली डॉक्टरांकडे गेली, ती एक कागद घेऊनच. त्यावर ऑपरेशनची तारीख, चार तापांच्या तारखा आणि मागच्या आठवड्यात टेपने घेतलेलं दोन्ही पोटऱ्यांचं माप होतं. डावी पोटरी उजवीपेक्षा नऊ सेंटिमीटर जास्त.

"मला पाचवा ताप यायला नकोय," ती म्हणाली. "हे परत परत का होतंय, ते शोधणारं माणूस मला हवंय."

डॉक्टर वयस्कर होते, सरळ होते. त्यांनी कागद दोनदा वाचला. "असं बघा, तापावर मी उपचार करू शकतो," ते म्हणाले. "सुजेतलं मला फारसं कळत नाही, हे खरं." आणि त्यांनी न्युर्नबर्गच्या एका लसीकातज्ज्ञ डॉक्टरीणबाईंच्या नावे चिठ्ठी लिहून दिली.

डॉक्टर ब्रांडल यांनी सुनेत्राला कॉटवर झोपवलं आणि म्हणाल्या, "दोन्ही मोजे काढा. चांगल्या पायाचाही." हृषिकेश कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. बाईंनी नडगीवर अंगठा दाबून धरला; काढला तेव्हा तिथे खळगा राहिला. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी त्यांनी कातडी चिमटीत धरून बघितली. उजव्या पायाची धरता आली, डाव्याची येईना. मग त्यांनी दिवा ओढून घेतला आणि बोटं एकेक करून फाकवली. चौथं बोट आणि करंगळी यांच्यामध्ये कातडी पांढरी पडून ओलसर झाली होती, आणि तिच्यात एक बारीक चीर होती.

"हे किती दिवसांपासून आहे?"

सुनेत्राला जर्मन शब्द सुचेना. तिने हृषिकेशकडे बघितलं. "अरे, चिखल्यांना काय म्हणतात?" मग तीच म्हणाली, "कायम असतं. येतं, जातं. मी कधी लक्ष दिलं नाही."

"आजपासून द्यायचं," डॉक्टर ब्रांडल म्हणाल्या. "हे दार आहे. जंतू इथून आत शिरतात. चांगल्या पायातून शरीर त्यांना हाकलून लावतं. तुमच्या पायात पाणी तुंबलंय, त्यामुळे ते मुक्काम ठोकतात. प्रत्येक तापात पाणी वाहून नेणाऱ्या उरल्यासुरल्या वाटाही खराब होतात. सूज वाढते, आणि पुढचा ताप येणं आणखी सोपं होतं."

"म्हणजे दार बंद करायचं आणि पाणीही काढायचं."

"गेनाऊ, बरोबर. दोन्ही एकदम."

"पूर्ण बरी होईल ना ही?" हृषिकेशने विचारलं.

"नाही. ही सूज जन्मभराची आहे. पण आटोक्यात ठेवता येते, आणि ताप बहुधा थांबवता येतात. काम मात्र तुमच्या बायकोलाच करावं लागेल, रोज."

सुनेत्राला वाईट वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या पायाला झालंय काय ते नीट उलगडून सांगितलं होतं. परतताना न्युर्नबर्ग स्टेशनवर तिने उभ्याउभ्याच दोन ब्रेत्सेल, तिथले खारे पाव, खाल्ले, आणि हृषिकेश बघतच राहिला.

चिखल्यांवर मलम सुरू झालं. सुजेसाठी डॉक्टर ब्रांडल यांनी तीन आठवड्यांच्या रेहाची शिफारस केली. म्हणजे खास क्लिनिकमध्ये राहून रोज उपचार. जुलैमध्ये क्रांकेनकासेचं, म्हणजे आरोग्य विम्याचं, पत्र आलं: अर्ज नामंजूर, राहत्या गावी उपचार पुरेसे आहेत.

"जाऊ दे ना," हृषिकेश म्हणाला. "इथेच करू काहीतरी."

"इथे आठवड्यातून एकदा मिळेल. मला रोज पाहिजे. नामंजूर केलंय म्हणजे त्यांना नीट समजलेलं नाही. मी समजावून सांगते."

त्याच संध्याकाळी ती हरकतीचं पत्र, विडरश्प्रूख, लिहायला बसली. तापांच्या तारखांचा आलेख काढला, मापं जोडली, डॉक्टर ब्रांडल यांचा अहवाल जोडला. मग व्याकरण तपासायला तिने मुलीला, अन्वीला, हाक मारली. बारा वर्षांच्या अन्वीला मराठी सगळं समजायचं, पण उत्तरं ती जर्मनमध्येच द्यायची.

अन्वी पेन्सिल घेऊन बसली. "'डेअर बाइन' नाही, 'दास बाइन'," पाय या शब्दाचं लिंग दुरुस्त करत ती जर्मनमध्ये म्हणाली. दोन ओळी झाल्या आणि पेन्सिल थांबली. मग तिने मराठीत विचारलं, "आई, तुला कॅन्सर होता?"

सुनेत्राच्या लक्षातच आलं नव्हतं. ऑपरेशन झालं तेव्हा अन्वी सात वर्षांची होती, आणि तिला ऑफिसच्या दौऱ्याची गोष्ट सांगितली होती. ती गोष्ट नंतर कुणी दुरुस्त केलीच नाही.

"हो. २००९ मध्ये. काढून टाकला."

"मग आता?"

"आता नाहीये. दर वर्षी तपासतात. आता फक्त पाय आहे, आणि त्याचं मी बघतेय."

अन्वीने आईच्या पायाकडे बघितलं. "मला सांगायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

"पाहिजे होतं. चुकलं माझं."

अन्वीने पेन्सिल पुन्हा उचलली आणि उरलेलं पत्र शेवटपर्यंत तपासलं. शेवटच्या ओळीतलं 'विनंती करते' तिने खोडलं आणि तिथे 'अपेक्षा करते' असं लिहिलं.

सप्टेंबरमध्ये मंजुरी आली. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. "अगं, सुजेसाठी तीन आठवडे घर सोडून? गरम मिठाच्या पुरचुंडीने शेकून का नाही बघत?"

"अहो आई, या पायाला शेक चालत नाही, सूज वाढते," सुनेत्रा म्हणाली. "आणि घर हृषिकेश सांभाळेल. त्याला आमटी जमते आता."

"त्याला? बरं. मग जाऊन ये बाई, नीट करून ये."

क्लिनिक डोंगरात होतं. रोज सकाळी फ्राऊ एकर्ट नावाची, निवृत्तीला आलेली, फिजिओथेरपिस्ट यायची. सुनेत्राची अपेक्षा चांगल्या रगडून मालिशची होती. पण एकर्टबाई कातडी नुसती हलकेच सरकवायची, तीही आधी मानेपाशी, मग पोटावर, आणि शेवटी पायावर.

"थोडं जोरात केलंत तरी चालेल," सुनेत्रा म्हणाली.

"मला चालणार नाही. पाणी आहे ते, कणीक नाही."

मग क्रीम, सुती नळीसारखा मोजा, स्पंजच्या पट्ट्या, आणि त्यावर बोटांपासून जांघेपर्यंत बँडेजचे थर. त्या भल्यामोठ्या पायात एक भलीमोठी सँडल घालून सुनेत्रा दुपारी जंगलात फिरायची, कारण बँडेज बांधून चाललं की पाणी हलतं, असं एकर्टबाईंनी बजावलं होतं. पाचव्या दिवशी घोट्याचं हाड दिसलं. तिने फोटो काढून हृषिकेशला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "हे कुणाचं हाड?"

दुसऱ्या आठवड्यात बँडेज स्वतः बांधायला शिकायचं होतं. तिचं पहिलं बँडेज जेवणघरात पोचेपर्यंत सुटून मागे शेपटीसारखं लोळत आलं. दुसरं इतकं घट्ट झालं की बोटं निळी पडली. एकर्टबाईंनी ते सोडवलं, गुंडाळलं आणि पुन्हा तिच्या हातात दिलं. नवव्या वेळी जमलं. निघताना दोन पोटऱ्यांमधला फरक नऊ सेंटिमीटरचा तीनवर आला होता, आणि तो पुन्हा वाढू नये म्हणून मापाने विणलेला घट्ट मोजा तिच्या पायात होता.

घरी आल्यावर रोजचं काम सुरू झालं. अंघोळीनंतर बोटांमधली जागा कोरडी करायची, मलम लावायचं, मोजा चढवायचा. आठवड्यातून दोनदा सकाळी सातला लिम्फड्रेनाज, म्हणजे एकर्टबाईंसारखंच हलकं मालिश. त्यासाठी अकरा ठिकाणी फोन करून शेवटी जवळच्या फोर्खहाइम गावी जागा मिळाली, म्हणून ती त्या दिवशी ट्रेनने जाऊन तिथूनच ऑफिसला यायची. मॅनेजरला तिने परवानगी विचारली नाही, वेळापत्रक सांगितलं. तो म्हणाला, "जा, ठीक आहे."

पुढच्या ऑगस्टमध्ये तळ्याकाठी तिला डास चावला आणि तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली. हृषिकेशचा चेहरा उतरला. सुनेत्राने पेनने लाल चट्ट्याच्या कडेने रेघ काढली आणि डॉक्टर ब्रांडल यांनी अशा वेळेसाठी देऊन ठेवलेली गोळी लगेच घेतली. मग फॅमिली डॉक्टरांना फोन करून दुपारची वेळ मिळवली. चट्टा रेघेच्या बाहेर गेलाच नाही. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. गोळ्या तिने सांगितलेले सगळे दिवस घेतल्या, आणि दोन आठवड्यांनी टेप लावली तेव्हा फरक तीनच होता.

सप्टेंबरच्या तपासणीत डॉक्टर ब्रांडल म्हणाल्या, "पुन्हा ताप येऊ नये म्हणून हवं तर वर्षभर रोज पेनिसिलिन देता येईल."

"पंधरा महिन्यांत एकच आला, आणि कशाने आला ते माहीत आहे," सुनेत्रा म्हणाली. "पुन्हा आला तर सुरू करू. चालेल?"

बाईंनी बोटं फाकवून बघितली. कातडी कोरडी आणि सलग होती. "चालेल," त्या म्हणाल्या.

बाहेर नव्या मोज्याचं माप घेणाऱ्या मुलीने रंग विचारला. 'त्वचेचा' म्हणून जो नमुना तिने पुढे केला तो फिकट गुलाबी होता. सुनेत्राने तो आपल्या हाताशेजारी धरून दाखवला. दोघी हसल्या, आणि तिने गडद निळा मागवला.