चोवीसवर थांबलेला शोध

वेनियामिन सावेल्येविच कोर्झुखिन एक्याऐंशी वर्षांचे होते. ईटा नावाचा हलका कण फुटताना क्वचित त्यातून पायॉन नावाचा आणखी हलका एक कण आणि प्रकाशाचे दोन कण निघतात. असं लाखात किती वेळा होतं, याचं गणित त्यांनी तरुणपणी मांडलं होतं. उत्तर होतं तेवीस. सायबेरियातल्या आमच्या प्रयोगशाळेला ते मोजून पाहणं आता कुठे जमलं होतं, आणि पहिलं मोजमाप एकतीस आलं होतं.

मार्चमध्ये रेगिना त्यांच्या घरी गेली. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, आमच्या गटाची प्रमुख. चहा ओतायच्या आधीच तिने सांगून टाकलं, "चोवीस. फार तर दोन इकडेतिकडे."

म्हातारा हसला नाही. "एकतीसचे चोवीस कसे झाले गं?"

"चुका सापडल्या. वेगळ्याच प्रकारे फुटलेले ईटा आपल्यात मोजले जात होते. ते काढले."

"आणि चोवीस आल्यावर काय शोधलंत?"

"सगळे थकले होते, वेनियामिन सावेल्येविच. जूनमध्ये लेख द्यायचाय."

"म्हणजे माझ्या आकड्याजवळ आलात आणि थांबलात. मग एवढं यंत्र कशाला चालवलंत? मला फोन केला असता तर फुकटात सांगितलं असतं."

"तुम्हाला बरं वाटेल असं वाटलं."

"वाटलं ना. म्हणून तर विचारतोय."

आम्ही म्हाताऱ्याच्या नावाने कुरकुरत पुन्हा तपासणीला बसलो. मे महिन्यात चूक सापडली. कमी ऊर्जेचे प्रकाशकणही यंत्राला दिसतात असं आम्ही धरून चाललो होतो. त्यातले बरेच दिसतच नव्हते. न दिसलेले हिशोबात धरल्यावर आकडा आला तीस. तेवीसपासून इतका फरक योगायोगावर ढकलता येत नव्हता.

रेगिना लेखाचा खर्डा घेऊन गेली. त्यांच्या घरासमोरच्या जलाशयावरचा बर्फ अजून काळपट होऊन तरंगत होता. कोर्झुखिननी चष्मा लावून शेवटचं पान दोनदा वाचलं.

"हवं तर अजून शोधू," ती म्हणाली.

"आता आकडा खाली आणणाऱ्या चुका शोधशील. तपासायचं ठरवलं होतं ते सगळं झालं?"

"झालं."

"मग पुरे."

तिने लिहिलं होतं: 'एका जुन्या गणितापेक्षा हे मोजमाप थोडं वेगळं आहे.' त्यांनी 'थोडं' खोडलं. मग 'एका जुन्या' खोडून वर स्वतःचं आडनाव लिहिलं.

"जाताना खिडकी लाव," ते म्हणाले. "गार येतंय."