ॲसिड लाइनचे लंगोट

बुधवारची पाहणी नीट पार पडली असती तर यतीन मांडवगणेच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. इंदुरात तुकोगंजच्या हेड ऑफिसात एक खोली. खोलीला खिडकी, आणि खिडकीबाहेर एकही पाइप नाही. कामगारांच्या 'भिया'च्या, म्हणजे भैयाच्या, जागी 'सर'. आणि धड शर्ट. सांवेर रोडच्या कारखान्यात सोळा वर्षं ॲसिडच्या लाइनखाली वावरल्याने त्याच्या प्रत्येक शर्टाला टाचणीएवढी भोकं पडली होती. बायको स्मिता ती उजेडाकडे धरून पाहुण्यांना दाखवायची, जसं काही नवरा चांदण्याच घालून हिंडतो.

पण सगळ्यात मोठी जमा वेगळीच होती. फोन थांबणार होता. पंप अडला, व्हॉल्व्ह जाम झाला, कुठे थेंब दिसला, की मेंटेनन्सचा प्रमुख म्हणून फोन यतीनलाच. त्यामुळे तो घरी बसला तरी बसलेला नसे. एक पाय सतत हलत असे आणि फोन उताणा मांडीवर. सोफ्याची त्याच्या बाजूची स्प्रिंग आधी गेली, ती काही त्याच्या वजनाने नाही.

मालकांचा सगळा कारभार बघणाऱ्या वासुदेवजींनी सौदा साधा ठेवला होता. पुण्याची औषध कंपनी माल घेण्याआधी कारखाना बघायला माणूस पाठवते आहे. एकही शेरा न लिहिता तो माणूस परत गेला, तर पुढच्या महिन्यापासून मांडवगणेजी तुकोगंजला. एक शेरा पडला, तर बात खतम.

आता लंगोटांकडे येऊ. ॲसिडच्या पाइपांचे तुकडे जिथे एकमेकांना बोल्टांनी जोडलेले असतात, ती जागा कधी ना कधी गळते. आत दाब असल्याने ते गळणं नळासारखं सालस नसतं, पिचकारी उडते आणि समोर जो असेल त्याच्या तोंडावर उडते. म्हणून प्रत्येक जोडाला जाड पांढऱ्या कापडाचं एक कव्हर गुंडाळून बांधतात. पिचकारी आतच अडते, थेंब होऊन खाली ओघळते. कागदोपत्री त्याला स्प्रे शील्ड म्हणतात. बांधायची तऱ्हा बघून कारखान्यातल्या पोरांनी त्याचं पहिल्याच दिवशी लंगोट करून टाकलं, आणि मग मॅनेजरसुद्धा मीटिंगमध्ये चुकून तेच म्हणू लागले. प्रत्येक लंगोटावर फिक्या पिवळ्या रंगाची एक पट्टी असते. आत ॲसिड आलं की ती लाल होते, म्हणजे लांबूनच कळतं.

कळायला ती दिसावी मात्र लागते. मोठ्या लाइनवरचे चाळीस लंगोट आठ महिन्यांत असे काळवंडले होते की पट्टी पिवळी आहे, लाल आहे, का मुळात आहे की नाही, हे सांगता येऊ नये. ज्या शहरात कचरा चुकीच्या डब्यात टाकला तर शेजारचे काका वर येऊन सांगतात, त्या शहरात पुण्याच्या पाहुण्याला असले लंगोट दाखवायचे, हे यतीनच्या जिवावर आलं.

सेफ्टी ऑफिसर मधुरिमाने सरळ उपाय सांगितला. एकेक जोडापाशी जायचं, कव्हर तिथल्या तिथे ओल्या फडक्याने पुसायचं, पट्टी बघायची, लाल असेल तर नोंद करायची. यतीनने मान डोलावली आणि मनात वजाबाकी केली. पुसलं तर दिसणार. दिसलं तर नोंद होणार. नोंद झाली की लाइन बंद करून जोड उघडावा लागणार, आणि पाहणीच्या आठवड्यात उघडलेली लाइन म्हणजे शेराच. त्यापेक्षा सगळे काढून एकदम धुतले तर? कपडे धुण्याला कोण नोंद मागतं?

रविवारी लाइन तशीही बंद असायची. शनिवारी संध्याकाळी फिटर शामने चाळीसही लंगोट उतरवले आणि यतीनच्या गाडीच्या डिकीत भरले. कारखान्याच्या धुलाईच्या ठेकेदाराला दिले असते तर गोष्ट वासुदेवजींपर्यंत गेली असती. म्हणून ते अन्नपूर्णा भागातल्या त्याच्या घरी आले, आणि रविवारी सकाळी जनाबाईच्या पुढ्यात पडले.

जनाबाई त्या भागात चार घरची कामं करायची. स्मिता शाळेत पेपर तपासायला गेली होती. यतीनने बादल्या मांडून दिल्या, कपडे धुवायची पावडर सढळ हाताने ओतली आणि आतली बाजूही नीट चोळ म्हणून सांगितलं. जनाबाईने विचारलं, साहेब, हे घालतं कोण? पाइप घालतात, असं यतीनने सांगितल्यावर तिने पुढे काही विचारलं नाही. मोठ्या लोकांच्या घरी काय काय असतं, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

दुपारी स्मिता आली तेव्हा गच्चीवर चाळीस शुभ्र लंगोट वाळत होते आणि शेजारच्या गच्चीतली मंडळी पापड राखायच्या निमित्ताने मोजदाद करत होती. यतीन मात्र दोरीखालून येरझाऱ्या घालत होता. चाळीसही पट्ट्या हिरव्यागार झाल्या होत्या.

"पावडरीत सोडा असतो," स्मिता म्हणाली. ती मुलांना केमिस्ट्री शिकवायची. "ॲसिडने लाल, सोड्याने हिरवी. आठवीतला पोट्टा सांगेल."

"मग आता?"

"आता काय, आंबट पाजा. पण बेताने, नाहीतर लाल होतील, आणि मग बसा परत सोडा घालत."

तुकोगंजची खिडकी स्मितालाही हवी होती, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे. शर्ट तीच विकत आणायची. तिने खाली जाऊन लिंबं आणली, पाणी केलं, आणि नवरा-बायकोंनी फडक्याने चाळीस पट्ट्या एकेक करून पिवळ्या केल्या. तीन जरा गुलाबीकडे झुकल्या, त्या पुन्हा पुसल्या. शेवटी सगळ्या इतक्या सारख्या दिसू लागल्या की दुकानातून आत्ता आणल्यात असं वाटावं. त्या दिवशी संध्याकाळी यतीनचा पाय पहिल्यांदा थोडा वेळ थांबला.

सोमवारी पंप सुरू व्हायच्या आत लंगोट परत चढवायचे होते. शामच्या माणसांनी घाई केली. या कव्हराचा एक पदर दुसऱ्यावर येतो ते तोंड भिंतीकडे ठेवायचं असतं, म्हणजे आतून काही निसटलंच तर ते माणसाकडे येत नाही. पण भिंतीकडे हात पुरत नाही, मान वाकडी करावी लागते. सोमवारी सगळी तोंडं माणसांच्या येण्याजाण्याच्या रस्त्याकडे आली. मधुरिमाने ते दहा मिनिटांत पाहिलं आणि यतीनला सांगितलं. यतीन म्हणाला, गुरुवारी फिरवून घेऊ. आणि पट्ट्या इतक्या चकाचक कशा, असं तिने विचारल्यावर त्याला अचानक एक फोन आठवला.

बुधवारी सकाळी पाहुण्यांची गाडी गेटमधून आत येत होती तेव्हा स्मिताचा फोन आला.

"जनाबाई आली आहे."

"बरं."

"दोन दिवस का नव्हती आली, विचारा की."

"स्मिता, पार्टी गेटवर आहे."

"असू दे. तिच्या दोन्ही हातांची सालं निघालीत. बोटं मिटता येत नाहीत तिला. ती म्हणते पावडर कडक होती. पावडरने असं होत नसतं, अहो. त्यातला एक तरी कपडा आतून ॲसिडने भिजलेला होता."

यतीनने विचारलं, कुठला.

"मला काय विचारता? चाळीसच्या चाळीस आपण दोघांनीच तर एकसारखे केले."

फोन ठेवला तेव्हा हिशेब पुरता उलटला होता. लाइनवरचा एक जोड गळत होता, आणि चांगला गळत होता. कुठला, ते सांगू शकेल अशी एकच खूण होती, ती त्याने लिंबाच्या पाण्याने पुसली होती. लाइन परवापासून चालू होती. आणि लंगोटांची तोंडं रस्त्याकडे होती.

पाहणीसाठी पुण्याहून आली ती एक मुलगी निघाली. शमिका कारखानीस, तिशीच्या आतली, हातात वही नाही, लॅपटॉप नाही, फक्त डोळे. यतीनला पन्नाशीचा, चहा-नाश्त्याने नरम होणारा कोणी अपेक्षित होता. तिने चहा नको म्हटलं आणि थेट ॲसिडची लाइन बघायला मागितली.

पुढची वीस मिनिटं यतीनने जे केलं त्याला चालणं म्हणता येणार नाही. जिथे जोड येईल तिथे तो शमिकाच्या आणि पाइपाच्या मध्ये जाऊन उभा राही. जोड डावीकडे आला की हा डावीकडे, उजवीकडे आला की मागून वळसा घालून उजवीकडे. बोलत मात्र होता अखंड: टाक्या कधी बसवल्या, पाणी कुठून येतं, इंदूरची हवा पूर्वी कशी होती. पाठीवर घामाचा एक थेंब ओघळला तरी तो दचकून मागे बघत होता. मधुरिमा चार पावलं मागून हे सगळं बघत होती आणि तिच्या कपाळावर आठी चढत चालली होती.

"सर," शमिका अखेर म्हणाली, "आपण जरा बाजूला होता का? मला आपल्या शर्टाशिवाय काही दिसतच नाहीये."

शाम हसला, मग यतीनकडे बघून थांबला. यतीन बाजूला झाला.

त्याने मनात भाव लावला. चाळीसात एक. म्हणजे एकोणचाळीस त्याच्या बाजूने. एवढ्या भावावर माणूस घर घेतो, पोरीचं लग्न ठरवतो. आणखी दहा मिनिटं निभावली की ही मुलगी ऑफिसात, संध्याकाळी विमानात, आणि उद्या लाइन थांबवून गुपचूप जोड शोधता येईल. कोणाला काही कळायचं कारण नाही.

शमिका खांद्याच्या उंचीवरच्या एका जोडापाशी थांबली. पट्टीवर कंपनीचं नाव बारीक अक्षरात होतं. ते वाचायला तिने चष्मा कपाळावर सरकवला. कारखान्याने दिलेला सुरक्षेचा चष्मासुद्धा त्याच्याबरोबर वर गेला. मग ती वाकली. तिचा चेहरा लंगोटाच्या तोंडापासून वीतभर राहिला.

"शाम," यतीन म्हणाला, "पंप बंद कर."

"काय भिया?"

"बंद कर म्हणतोय ना. मॅडम, मागे व्हा. हात लावू नका, मागे व्हा."

शमिका मागे झाली. पंपाची घरघर उतरत गेली.

"चाळीसपैकी एक जोड गळतोय," यतीन म्हणाला. "कुठला, ते मला माहीत नाही. खूण होती, ती मी पुसली."

मग त्याने बाकीचंही सांगितलं. पावडर, लिंबं, गच्ची. सांगताना तो लाइनकडे बघत होता, माणसांकडे नाही. जनाबाईचे हातही त्याने सांगितले. मधुरिमाने मध्ये एकदाच तोंड उघडलं. घरी नेले होते तुम्ही, एवढंच ती म्हणाली, आणि त्यात प्रश्न नव्हता.

लाइन रिकामी करून एकेक लंगोट उघडायला दुपार झाली. शमिका ज्यापाशी वाकली होती तो जोड कोरडा ठणठणीत निघाला. त्याच्या आजूबाजूचेही कोरडे. गळका जोड सापडला टाकीच्या मागे, गटारावर, जिथे जायला रस्ताच नव्हता आणि जिथे शमिका जन्मात गेली नसती. आतलं गॅस्केट, म्हणजे गळती अडवणारी चकती, एका बाजूने खाल्लं गेलं होतं. शामने ते बोटात धरलं आणि भिया, तुम्ही गप बसला असता तर निभलं असतं, असं अगदी मनापासून सांगितलं. यतीनलाही ते दिसत होतं. तो लाइनच्या दुसऱ्या टोकाला चालत गेला आणि परत आला.

शमिकाने जाताना शेरा लिहिला. दोनच ओळी, त्यात वाईट शब्द एकही नाही. मधुरिमाचा नंबर मात्र तिने मागून घेतला.

वासुदेवजींचा फोन संध्याकाळी आला. ते रागावले नाहीत. चलो, कोई बात नहीं मांडवगणेजी, तब्येत सांभाळा, एवढंच म्हणाले. इतक्या गोड आवाजात ते फक्त ज्याच्याकडून आता काही घ्यायचं-द्यायचं उरलं नाही त्याच्याशीच बोलतात, हे सोळा वर्षांच्या नोकरीत यतीनला माहीत झालं होतं. तुकोगंजची खोली पुढच्या महिन्यात खरेदी विभागातल्या एकाला मिळाली. तो कधी लाइनखाली फिरकला नव्हता, त्यामुळे त्याचे शर्ट आधीपासूनच धड होते.

घरी यतीन जेवला नाही. या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिला. स्मिता म्हणाली, बसा आता, गेलं ते गेलं. तो बसला आणि पाय हलू लागला. मांडीवरचा फोन वाजला, कुठलासा व्हॉल्व्ह अडला होता.

आता कोणाचं काय गेलं ते मांडू. कंपनीचं एक गॅस्केट आणि अर्धा दिवस गेला. पुण्याची ऑर्डर दीड महिन्याने आलीच. शमिकाचं काही गेलं नाही. मधुरिमाला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं, ती जायचं की नाही ते ठरवते आहे. यतीनची खिडकी गेली. स्मिता शर्ट घेते आहे. जनाबाईला डॉक्टरांनी तीन आठवडे पाण्यात हात घालायचा नाही म्हणून सांगितलं. औषधपाणी मांडवगण्यांनी केलं आणि आपल्या घरचा पगारही पूर्ण दिला, त्यात कसूर नाही. उरलेल्या तीन घरांनी खाडे धरले आणि पैसे कापले. तो तोटा जनाबाईने भरला.