भोरच्या पाण्याचा तांब्या

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे आणि माझे झाकण अजून माझेच आहे. हसू नका. माझ्या वयाच्या किती तांब्यांना असे सांगता येईल? पुण्याच्या तांबटआळीत मला ठोकून घडवले, आतून कल्हई केली आणि वर पेल्याएवढे आट्यांचे झाकण बसवले. प्रवासात मी कसाही कलंडलो तरी थेंब सांडत नाही, याचा मला फार गर्व होता.

फुलाबाईच्या वडिलांनी मला तिच्या लग्नात दिले. तिचे माहेर मोरगावचे, कोरडे. तिथे आंघोळीचे पाणीसुद्धा भाजीच्या वाफ्यात जायचे. सासर लासुर्ण्याला, नीरेच्या कालव्यावर. तरी पाण्याच्या बाबतीत तिचा हात आखडताच राहिला. नवरा रामहरी वांगी-मिरची करायचा. एकोणीसशे चौतीस साली दोघांनी हौसेने मोसंबीची रोपे लावली.

हे कालव्याचे पाणी येते तरी कुठून, ते एकदा बघायचे, असे फुलाबाईच्या मनात होते. त्याच वर्षी श्रावणात योग आला. शेजारचा संभाजी एका बागाईतदाराची मोटार चालवायचा. मालकाचे सामान भोरला पोचवून पुढचे जंगल दाखवून आणतो, म्हणाला. अडचण एकच होती. त्याच दिवशी दिवस मावळताना त्यांची पाण्याची पाळी होती आणि घरात दारं धरून सरीसरीत पाणी वळवायला तिसरे कोणी नव्हते. पाळी चुकली तर पुढचे पाणी पंधरा दिवसांनी. लासुर्ण्याकडे पावसाने ओढ दिली होती, तोवर रोपे करपली असती. वेळेत परत आणण्याची शपथ संभाजीने घेतली, तेव्हा कुठे रामहरी मोटारीत चढला.

पहाटे निघालो. बारामती झोपेत होती. नीरेला उजाडले. शिरवळला रामहरी हॉटेलात चहा प्यायला, फुलाबाई मोटारीतच पदराआड प्यायली, आणि दोघे एकमेकांकडे बघून उगाच हसत राहिले. लग्नानंतर दोघेच कुठे निघण्याची ही पहिलीच वेळ होती.

भोर मागे पडले आणि आभाळ खाली उतरले. मित्रांनो, असे जंगल मी पाहिले नव्हते. झाडांच्या अंगावर शेवाळ, शेवाळावर झाडे, पानापानातून पाणी. पायाखालून ओढे पळत होते. आणि फुलाबाई? घरून भरून आणलेल्या मला छातीशी घट्ट धरून भिजत उभी होती. रामहरी पोट धरून हसला.

"अगं, हितं बी पाणी राखतीस व्हय?"

ती लाजली. मग माझ्यातले पाणी तिने एका झाडाच्या बुडाशी ओतले. वाया घालवणे तिला तिथेही जमले नाही. मला ओढ्यात बुडवून भरले आणि म्हणाली, "आवं, ह्ये आपल्या पयल्या रोपाला घालायचं."

परतताना शिरवळच्या पुढे, उघड्या माळावर मोटारीच्या तोंडातून वाफ निघाली. जवळ ना आड, ना ओढा. संभाजी खाली मान घालून उभा राहिला आणि रामहरी सूर्याकडे बघत राहिला. मोटारीला पाणी हवे होते, आणि ते फक्त माझ्यात होते. पण मागायची दोघांनाही छाती होईना. फुलाबाईने आपणहून माझे झाकण फिरवले. तिचे डोळे भरले होते. मलाही फार वाईट वाटले.

त्या पाण्यावर मोटार हळूहळू नीरेपर्यंत आली. तिथे तिला पोटभर पाजले आणि आम्ही सुसाट निघालो. लासुर्ण्याला उतरताना घाईत मी फुलाबाईच्या हातून निसटलो, मैलाच्या दगडावर आपटलो. माझ्या पोटाची ही पोच तेव्हाची. मला उचलून दोघे शेताकडे पळाले. पाळीचे पाणी सोडणारा पाटकरी त्यांच्याच बांधावर थांबला होता. त्याने दार उघडले आणि पाणी खळाळत सरीत शिरले.

रामहरीने मला पाटात बुडवून भरले आणि बायकोच्या हातात दिले.

"घे. तितलंच हाय ह्ये, भोरच्या रानातलं. तुझ्या आधी निगालंय, एवढंच."

फुलाबाईने पाट जिकडून येत होता तिकडे, मावळतीला भोरच्या दिशेने वळून पाहिले. मग खुदकन हसली आणि तिने मला पहिल्या रोपाच्या आळ्यात रिकामे केले.

आता मी फडताळात असतो, काळा पडलो आहे. मला चिंच लावून घासा, कल्हई करा, पण माझी पोच मात्र ठोकून काढू नका. आणि मित्रांनो, पाणी प्यायल्यावर तळाशी घोटभर उरले तर ते मोरीत फेकू नका. एखाद्या रोपाला घाला. ते फार लांबून चालत आलेले असते.