सात दुपारी दिलेला आवाज

मी एक जुना तंबोरा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिले असेल, पण ऐकले असेलच असे नाही. गाणाऱ्याच्या पाठीमागे माझी जागा. मी वाजायचा थांबलो तरच लोकांना कळते, की अरे, इथे काहीतरी वाजत होते.

माझा जन्म एका भोपळ्यातून झाला. कारागिराने तो वर्षभर माळ्यावर वाळवला, आतून कोरला, त्याला लाकडी दांडी जोडली आणि चार तारा ओढल्या. तारा जिथे टेकतात तिथे त्याने प्रत्येक तारेखाली सुताचा एक दोरा सरकवला. हा दोरा केसभर हलला तरी माझा आवाज दबतो, आणि जागेवर बसला की तार गुणगुणायला लागते. "कान असेल त्याच्याच घरी जा रे बाबा," असे म्हणत त्याने मला निरोप दिला.

मी आलो त्या घरात भाऊ-बहीण राहत. दादा गायचा. पण पोटासाठी तो संगणकाचे काम करायचा. पडद्यावर जे दिसते त्याच्याही खाली एक प्रोग्राम चालतो, बाकीचे सगळे त्याच्या जिवावर चालतात. तो प्रोग्राम दादा लिहायचा. घरी आला की कुरकुरायचा, "छबू, आमचं काम वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं तर कुणी नाव घेत नाही. एक दिवस अडलं की सगळे आमच्या नावाने शंख करतात!"

"मग माझ्यासारखाच आहेस की," छबू हसायची. "ये, तूही पाठीमागे बस."

छबू त्याची धाकटी बहीण. एकोणीस वर्षे प्रत्येक मैफलीत मला तिनेच वाजवले. लोकांना वाटते, त्यात काय आहे, चार तारा पुन्हा पुन्हा छेडायच्या. पण छबूची नजर दादाच्या पाठीवर असायची. त्याचे खांदे वर उचलले गेले, की श्वास संपत आला हे तिला कळायचे. मग ती पुढची तार किंचित उशिरा छेडायची. तेवढ्यात दादा सावरायचा. हे तिने त्याला कधी सांगितले नाही. त्याला वाटायचे, आपलाच दम दांडगा आहे.

एका उन्हाळ्यात दादा म्हणाला, "छबू, तुझा तंबोरा नीट रेकॉर्ड करून ठेवू या. घरात आठवण राहील."

सात दुपारी ते काम चालले. खिडक्या बंद, पंखा बंद, फ्रिजसुद्धा बंद. घामाने छबूची बोटे तारेवरून घसरत होती, तरी ती उठली नाही. मीही माझ्यात होते नव्हते ते सगळे दिले. "वा! काय बोलतोय आज!" दादा म्हणायचा आणि मी फुलून जायचो. इतके लाड माझे कधीच झाले नव्हते.

पुढे मोठ्या सभागृहात मैफल ठरली. छबूने मला नवी कापडी गवसणी शिवली. आम्ही रंगमंचावर पोचलो, तर तिच्या जागेवर डब्याएवढे एक यंत्र ठेवलेले. त्यातून माझा आवाज येत होता. माझाच!

"हे काय रे दादा?"

"सरप्राइज! तुझ्याच तारा आहेत. चार महिने खपलो या प्रोग्रामवर. आता तुला तासन्तास मांडी घालून बसायला नको. गुडघे दुखतात ना तुझे?"

"मी कधी म्हटलं, गुडघे दुखतात?"

"बरं, एक गंमत ऐक. मैफलीत वाजवताना दोन तारा छेडण्यामधली तुझी अंतरं कमीजास्त पडायची. जुन्या मैफलींच्या रेकॉर्डिंगवरून मी ती मोजली आणि सगळी सारखी करून टाकली. आता एकही चूक नाही बघ."

छबूने माझ्या गवसणीची नाडी पुन्हा आवळली. "बरं," एवढेच म्हणाली.

आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो, मी गवसणीत, तिच्या खांद्याला टेकून. यंत्र बंद पडावे अशी मी मनोमन इच्छा धरली, खोटे कशाला सांगू? ते बंद पडले नाही. दादाने वरचा सूर लावला. त्याचे खांदे उचलले गेले. छबूचे बोट गवसणीवरूनच माझ्या तारेवर आले आणि थांबले. यंत्र थांबले नाही. दादाचा सूर मध्येच तुटला. त्याने खोकल्यासारखे केले आणि पुढे गायला. शेवटी टाळ्या पडल्या.

बाहेर आल्यावर घाम पुसत त्याने विचारले, "वरचा सूर आज का गं दगा देत होता? वय झालं की काय माझं?"

छबूने मला दुसऱ्या खांद्यावर घेतले. मला वाटले, आता सांगेल.

"झालं असेल," ती म्हणाली.

घरी येताच तिने माझ्या तारा सैल केल्या, कारण ताणलेला तंबोरा पडून राहिला तर वाकतो. मग मला कपाटात ठेवले. याला आता आठ वर्षे झाली. दादा अजून गातो. वरच्या सुराला हल्ली तो फार वेळ थांबत नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, असे मी म्हणणार नाही. धुळीने तंबोरा मरत नाही. माझे मागणे वेगळे आहे. कुणाकडून काही घ्याल, तर कशासाठी घेता ते आधी सांगा. आणि त्याच्या कामात चूक दिसली, तर ती सुधारण्याआधी त्यालाच विचारा. दादाने विचारले असते तर छबूने नाही म्हटले नसते. अंतरे कमीजास्त का पडतात, तेही सांगितले असते. त्याने विचारले नाही. अजूनही विचारलेले नाही, आणि ती तर शेजारच्याच खोलीत बसलेली असते.