आत्याबाई गप्प झाल्या

आत्याबाई हे पंपघरातल्या डिझेल इंजिनाचं नाव होतं, आणि ते ठेवलं होतं घरातल्या थोरल्या मुलीनं, थोरलीनं, तेही शाळेत जायच्या आधी. खरी आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, तेव्हा त्यांच्याकडेच राहायची. सकाळी उठली की ती आधी खोकायची, मग कुरकुरायची, मग समोर येईल त्याच्यावर डाफरायची आणि त्यानंतरच घर हलायला लागायचं. इंजिनाची तऱ्हा वेगळी नव्हती. पंप चालवणाऱ्या बाबांनी हँडल मारलं की ते खोकायचं, काळा ढग ओकायचं, आता बंद पडतंय की काय अशी भीती घालायचं आणि मग एकदाचं धडधडायला लागायचं. एका सकाळी थोरली अंथरुणातूनच म्हणाली, "आत्याबाई उठल्या." झालं! आठवड्याभरात सगळी वसाहत तेच म्हणायला लागली. खरी आत्या आधी रुसली. मग तिच्या लक्षात आलं की नाव मानाचं आहे. पाण्याला उशीर झाला की दारात बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "बघा, माझ्याशिवाय तुमचं पान हलत नाही."

बाबांची गोष्ट निराळी. मुलांची आत्या ती त्यांची बहीण, म्हणून ते इंजिनाला अक्का म्हणत आणि तिच्याशी अहो-जाहो करत. "उठा अक्का, लोक बादल्या घेऊन बसलेत," असं म्हणून हँडल फिरवत. सख्ख्या बायकोशी कधी इतक्या मायेनं बोलले नाहीत, असं आई म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

पंपघर नदीकाठी, त्याला लागून यांचं दोन खोल्यांचं घर, आणि पलीकडे चढावर वसाहतीच्या गल्ल्या. आत्याबाईंच्या उठण्याला काही नेम नसे. कधी पहाटे, कधी उजाडल्यावर, कधी डिझेलची गाडीच आली नाही म्हणून दुपारी. त्यामुळे प्रत्येक घरात झोपायच्या आधी एक काम ठरलेलं होतं: नळ सोडायचा आणि खाली रिकामं पातेलं ठेवायचं. पाणी आलं की नळ फुसफुसायचा, थुंकायचा, पातेल्याचा खणखणाट व्हायचा आणि घर जागं व्हायचं. थोरलीला अजून त्या आवाजाची आठवण आली की धावत सुटावंसं वाटायचं आणि बरंही वाटायचं, दोन्ही एकदम.

नळ बंद करायचा नियम मात्र बाबांनी घालून दिलेला. इंजिन थांबलं की पाइप उलटा श्वास घेतो, नळ उघडा राहिला तर मोरीतली घाण आत ओढतो. एका वर्षी त्यानं वसाहतीत आजार पसरला होता. तेव्हापासून बाबा दारोदार फिरले, दटावलं, ओरडले, आणि एक वाक्य सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं: "आत्याबाई गप्प, नळ गप्प." पोरं खेळतानासुद्धा ते म्हणत. इंजिनाची धडधड थांबली की त्या शांततेत सगळ्या गल्ल्यांतून नळांच्या चाव्या कुरकुरल्याचा आवाज यायचा. ती वसाहत कोणाचं ऐकत नसे, पण हे ऐकायची.

बाकी आत्याबाईंनी दिलं तसं घेतलंही. घराची भिंत काळी, खिडकी काळी, वाळत घातलेले कपडे काळे. आईनं उभ्या जन्मात पांढरी चादर विकत घेतली नाही. "आत्याबाईंना पांढरं बघवत नाही," म्हणायची आणि तपकिरी नाहीतर करडं घ्यायची. बाबांच्या छातीतही तो धूर जाऊन बसला. निवृत्त झाल्यावर ते असे खोकायला लागले की इंजिन कुठलं आणि बाबा कुठले हे आत्यालाही कळलं नसतं. पण ती बिचारी तोवर गेलेली होती.

थोरली इंजिनियर झाली. कुठं कुठं पाण्याची कामं केली आणि शेवटी नशिबानं म्हणा, हट्टानं म्हणा, स्वतःच्याच वसाहतीचं काम मागून घेतलं. टेकडीच्या उतारावर सोलरच्या पाट्या, त्यांच्यावर चालणारे पंप, टेकडीच्या माथ्यावर मोठी टाकी. दिवसभर उन्हानं टाकी भरायची, आणि तिथून पाणी आपल्या वजनानं, काही न जाळता, दिवसरात्र खाली यायचं. धूर नाही, डिझेल नाही, आवाज नाही.

पाणीखात्याचे मोठे साहेब सभा घ्यायला आले. यानं किती कार्बन वाचेल ते त्यांनी सांगितलं. बाबांनी पहिल्या रांगेतून विचारलं, "कार्बन म्हणजे काजळीच ना?"

"मग तो किती असतो ते मला विचारा," मागून आई म्हणाली. "आयुष्यभर धुतलाय."

सभा हसली. साहेबही हसले. थोरली म्हणाली, "आई, तू धुतलास तो दिसणारा. न दिसणारा त्याहून जास्त असतो."

"मग बरं झालं, तो तरी माझ्या वाट्याला आला नाही."

घरी येताना बाबा एकच वाक्य बोलले. "म्हणजे अक्काला घालवायला शेवटी तूच आलीस." ते खरंच होतं. आणि ज्या धडधडीच्या मांडीवर आपण वाढलो तिला आपणच थांबवायचं, याचं थोरलीलाही वाईट वाटत होतं. पण बाबांचा खोकला ऐकला की ते वाईट वाटणं ती गिळून टाकायची.

आत्याबाई थांबल्या त्या दुपारी आई बाजारात गेली आणि पांढरीशुभ्र चादर घेऊन आली. धुऊन दोरीवर टाकली आणि नव्या सुनेकडे बघावं तशी तिच्याकडे बघत बसली. बाबा पंपघराकडे पाठ करून पायरीवर बसले.

नवीन व्यवस्थेचा पहिला दिवस. पहाटे टाकीची झडप उघडली, पाणी खाली आलं, थोरली समाधानानं टेकडीवर उभी राहिली. आणि ऊन पुरतं चढायच्या आत टाकी कोरडी. पंप भरताहेत त्याहून दुप्पट पाणी खाली पळत होतं. झडप बंद करावी लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माणसं लावून सगळा पाइप तपासला, कुठे गळती नाही. साहेबांचा फोन आला. आवाज गोड होता, पण बोलणं सरळ होतं: "उद्याही टाकी रिकामी झाली तर आपण इंजिन रोजचं म्हणून परत सुरू करू. पाट्या राहतील हो, शोभेला."

बाबांच्या कानावर ते गेलं. त्या संध्याकाळी ते कितीतरी दिवसांनी दोन घास जास्त जेवले. "मी म्हणत नव्हतो? अक्काशिवाय भागायचं नाही." ते हसत होते आणि हसता हसता खोकत होते. त्यांच्यावर रागवावं की त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा हे थोरलीला कळेना. तिनं पाठीवरून हात फिरवला.

तिसऱ्या दिवशी पहाटे झडप उघडायला माणूस टेकडीवर गेला आणि थोरली गल्ल्यांतून फिरायला निघाली. पाणी जातंय कुठे ते आज डोळ्यांनी बघायचंच होतं. गल्लीत सगळे झोपलेले. पण प्रत्येक दारामागे पाण्याचा बारीक आवाज. खणखणाट नाही, थुंकणं नाही. टाकीचं पाणी सभ्य माणसासारखं गुपचूप आलं होतं. पातेली भरली होती, पिंपं भरली होती, आणि वरून वाहणारं पाणी मोरीतून गटारात चाललं होतं. घराघरांत नळ सताड उघडे, आणि एकाही माणसाला जाग नाही.

ती तणतणत घरी आली. लोकांना अक्कल नाही, पाण्याची किंमत नाही, फुकटचं मिळालं की असंच, असं मनातल्या मनात सगळं भाषण तयार झालं होतं. आणि घरात शिरली तर तिच्या स्वतःच्या मोरीत नळ वाहत होता.

"आई! नळ का सोडलास?"

आई चहाचं आधण ठेवत होती. "मी? काल झोपताना तूच सोडलास. पातेलंसुद्धा तूच ठेवलंस."

थोरलीनं पातेल्याकडे पाहिलं. खरंच की. हात आपोआप गेला होता. सगळी व्यवस्था तिनं आखली, पाइप तिनं मोजले, आणि रात्री झोपताना लहानपणीसारखा नळ सोडून, पातेलं ठेवून झोपली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

"मग तू तरी उठल्यावर बंद करायचा ना!"

"बंद कसा करू?" आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरंच आश्चर्य होतं. "आत्याबाई गप्प कुठे झाल्यात?"

थोरली मोरीच्या उंबरठ्यावरच खाली बसली. आत्याबाई गप्प, नळ गप्प. पण ज्या आज उठल्याच नाहीत त्या गप्प होणार कशा? आणि त्या गप्प झालेल्या ऐकू आल्याशिवाय या वसाहतीत कोणाचा हात नळाच्या चावीकडे जाणार कसा? लोक बेफिकीर नव्हते. लोक बाबांचं ऐकत होते.

ती पायरीवर गेली. बाबा नुकतेच उठून बसले होते.

"बाबा, इंजिन सुरू करायचंय."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. तरी तिनं पुढचंही सांगितलं. "सुरू करायचं, सगळ्यांना जाग येईल इतका वेळ चालवायचं, आणि मग थांबवायचं. तुम्हीच. तुमच्या हातानं. ते थांबलेलं ऐकल्याशिवाय लोक नळ बंद करणार नाहीत."

बाबांना सगळं कळलं. त्यांनी काही केलं नाही तर दुपारी साहेबांचा हुकूम येणार होता आणि अक्का परत येणार होत्या, रोज, धुरासकट. नुसतं पायरीवर बसून राहायचं होतं. ते थोडा वेळ तसे बसूनही राहिले. मग भिंतीला धरून उठले.

पंपघरात तोच वास होता. बाबांनी हँडलला हात घातला, थोरलीनंही घातला, कारण आता एकट्यानं होण्यासारखं नव्हतं. "उठा अक्का," ते म्हणाले. "लोक झोपलेत."

आत्याबाई खोकल्या. धुराड्यातून काळा ढग निघाला, भिंती थरथरल्या, आणि ती धडधड थोरलीच्या पायांतून वर चढत छातीत आली. तिला आत्या आठवली, अंथरूण आठवलं, डिझेलच्या वासाचे बाबांचे कपडे आठवले, आणि ती सरळ रडायला लागली. चढावर खिडक्या उघडल्या. कोणीतरी ओरडलं, "आत्याबाई उठल्या!" पोरं नाचायला लागली.

अंगणात आईची पांढरी चादर अजून दोरीवरच होती. थोरलीला दारातून ती दिसली, ती काढायला धावली, तर आईनं मध्येच हात धरला. "राहू दे ग. जाता जाता काय करायचं ते करू दे त्यांना."

सगळी वसाहत जागी झाली होती. बाबांचा हात बंद करायच्या दांड्यावर होता आणि हलत नव्हता. थोरली परत आत येऊन उभी राहिली. तेवढ्यात धूर वळून आत आला आणि बाबांना खोकला लागला. ते खोकत होते, इंजिन खोकत होतं. खोकला ओसरल्यावर त्यांनी इंजिनावर थोपटलं. "बसा अक्का," ते म्हणाले. "पुष्कळ केलंत आमचं." आणि दांडा ओढला.

धडधड मंदावली, दोन उचक्या लागल्या आणि थांबली. त्या शांततेत आधी एका गल्लीतून, मग दुसरीतून, मग चढावरच्या शेवटच्या घरापर्यंत नळांच्या चाव्या कुरकुरल्याचा आवाज आला. बाबा मान वाकडी करून तो ऐकत राहिले.

त्या दिवशी टाकी रिकामी झाली नाही, आणि झडप रात्रीही उघडीच राहिली. साहेबांनी फोन करून अभिनंदन केलं आणि कोणता बिघाड होता ते विचारलं. थोरलीनं सांगितलं, "घरचाच होता."

चादरीवर काजळीचे ठिपके पडले होते. थोरली ती साबणात टाकायला निघाली तर आईनं हातातून काढून घेतली आणि तशीच बाबांच्या गादीवर घातली. ज्या काजळीला तिनं जन्मभर शिव्या घातल्या, तीच तिला आता धुऊन टाकवेना.

झोपायच्या आधी बाबा नेहमीसारखे मोरीत गेले. पातेलं ठेवलं, नळ सोडला, आणि परत फिरणार तोच पाणी आलं. लगेच. ते वळून बघत राहिले. थांबायचं, ऐकायचं, जागं राहायचं असं काही उरलंच नव्हतं. पातेलं भरलं. बाबांनी नळ बंद केला, चावी कुरकुरली, आणि ते आत येऊन त्या ठिपक्यांच्या चादरीवर आडवे झाले.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. "पाणी आहे."