तलवारीला लागलेला पाय

नाच मध्येच थांबवायचा नाही, ही शिकवणाऱ्या आयलीनबाईंची एकच अट होती आणि त्यांची शिष्या कादंबरी नेमकी थांबली.

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलजवळच्या एका चर्चच्या हॉलमध्ये तालीम चालली होती. तिथली स्कॉटिश मंडळी दर वसंतात आपल्या पारंपरिक गाण्या-नाचाचा कार्यक्रम करतात. त्याचा शेवट ठरलेला असतो. जमिनीवर फुलीसारख्या मांडलेल्या दोन तलवारींच्या अवतीभवती, त्यांच्या कोनांत पाय टाकत, एकटीने नाचायचं. यंदा हा मान कादंबरी देशकरला मिळाला होता. मूळची नागपूरची, नोकरी सॉफ्टवेअरमधली. एका मैत्रिणीला सोबत म्हणून ती या नाचाच्या वर्गाला गेली होती. मैत्रीण लवकरच गळाली, ही टिकली. पाय हलका, कान पक्का. आपल्याला हे उत्तम जमतं हे तिला ठाऊक होतं आणि ते लपवण्याची तिला गरज वाटत नसे.

अडचण एवढीच, की चवडा तलवारीला ओझरता जरी लागला तरी तिचा उजवा हात खाली जाई आणि तलवारीला स्पर्श करून कपाळाला लागे. पुस्तकाला पाय लागला की जातो, तसाच. कळेपर्यंत ताल निघून गेलेला असे.

"पाय लागणं ही चूक आहे, पण ती सगळ्यांकडून होते," आयलीनबाई म्हणाल्या. पांढऱ्या केसांच्या, ताठ कण्याच्या या बाईंनी हा नाच आपल्या आजीकडून घेतला होता. "माझ्याकडूनही झाली आहे, भरल्या सभागृहात. पण मी वाकले नाही. शनिवारी तू थांबलीस तर तलवारी हेदरच्या घरी जातील."

याचा अर्थ तिथे सर्वांना माहीत होता. शेवटचा नाच जी न थांबता पुरा करते, तिच्या घरी त्या तलवारी वर्षभर राहतात आणि पुढच्या वर्षीचा नाचही तिचाच असतो. राखीव नर्तकी म्हणून ठरलेली हेदर कोपऱ्यात बुटांचे बंद बांधत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

घरी मालिनीताई वाटच पाहत होत्या. लेकीकडे त्या नुकत्याच आल्या होत्या.

"शस्त्रांपाशी नाचायचंच काहून पण?" ताट वाढता वाढता त्यांनी विचारलं.

"ट्रॅडिशन आहे आई त्यांची. लढाईच्या आधी सैनिक नाचायचे म्हणतात."

"आणि पाय लागला तर?"

"तर लढाईत जखम होणार, असं मानायचे. म्हणजे त्यांनाही ते वाईटच वाटतं. फक्त ते नमस्कार करत नाहीत. मी किती ट्राय केलं, पण हात आपोआप जातो ना यार."

"आईला यार म्हणते!"

"सॉरी. पण सांग ना, काय करू? हात बांधून ठेवू?"

मालिनीताईंनी पोळीवर तूप सोडलं. "लहानपणी सकाळी उठल्यावर, पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी काय करायचीस?"

"जमिनीला हात लावून नमस्कार. तूच करायला लावायचीस."

"मग दिवसभर पावलापावलाला वाकत होतीस का?"

कादंबरीचा घास हातातच राहिला. मग ती हसली आणि तिने आणखी एक पोळी मागून घेतली.

शनिवारी हॉल भरला होता. चौकड्यांच्या स्कॉटिश घागऱ्यातले एक आजोबा पहिल्या रांगेत होते आणि त्यांच्या शेजारी इरकली नेसलेल्या मालिनीताई. दोघांना एकमेकांचं बोलणं फारसं कळत नव्हतं, तरी शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जात होता.

तलवारी मांडायला हेदर पुढे झाली. "आज मी मांडते," कादंबरी म्हणाली. परवानगी मागितल्यासारखं ते मुळीच नव्हतं. गुडघे टेकून तिने तलवारी एकमेकींवर ठेवल्या, दोन्हींना हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. आता जे काही लागेल ते आधीच माफ. ती उठली. लोकांना वाटलं, नाच सुरू झाला.

वादक डगने बॅगपाइप फुगवला. संथ पावलं निर्दोष गेली. मग तिने टाळी वाजवली. लय वाढव, अशी ती डगला खूण असते. डगने ती जरा जास्तच मनावर घेतली. पावलं उडू लागली आणि एका वळणावर डाव्या पायाचा चवडा पात्याला लागला. बारीकसा आवाज झाला.

कादंबरीचे हात डोक्याच्या वर होते. ते तिथेच राहिले. पुढचं पाऊल जिथे पडायचं तिथेच पडलं, त्याच्या पुढचंही, आणि शेवटच्या सुरावर ती तलवारींपाशी ताठ उभी होती. दम लागलेली, हसणारी.

टाळ्या ओसरल्यावर हेदरनेच तलवारी कापडात गुंडाळून तिच्या हातात दिल्या. "सुरुवातीचं ते मला शिकवशील?" तिने विचारलं. आयलीनबाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "सगळ्यांनाच शिकव."

परतताना मागच्या सीटवर आडव्या ठेवलेल्या तलवारींकडे मालिनीताई वळून वळून पाहत होत्या.

"डावा पाय लागला तुझा."

"दिसलं?"

"बाप्पा! पहिल्या रांगेत बसवल्यावर दिसणारच." मग त्या म्हणाल्या, "यांना धार नाही म्हणा, पण शस्त्र ते शस्त्रच. दसऱ्याला झेंडू मिळतो का गं इथे?"

"मॉरिसव्हिलच्या देशी दुकानांत पाहिजे तेवढा मिळतो," कादंबरी म्हणाली आणि तिने गाडी घराकडे वळवली.